पोत आणि पोतं

मागच्या पावसाळ्यात माझ्या एका फोटोला ऑफिसात पहिलं बक्षीस मिळालं, आणि त्याच आठवड्यात त्याच फोटोमुळे माझ्या मामांचं हसं झालं. तेव्हापासून हा विषय डोक्यात घोळतोय. आज शनिवार आहे, रिलीज काल रात्री एकदाचं गेलंय, बायको आणि पोरगी सिनेमाला गेल्यात. म्हटलं, लिहूनच टाकू.

आधी थोडी पार्श्वभूमी. आमचं घर नांदेडला, आजोळ लातूर जिल्ह्यात अहमदपूर तालुक्यात आणि नोकरी (बहुतेक तुमच्यासारखीच) पुण्यात. जुलैत नांदेडला गेलो होतो. परतताना लोह्यावरून अहमदपूर गाठलं आणि एक रात्र मामांकडे मुक्काम टाकला. जेवताना मामी म्हणाली, "हरणांनी वैताग आणलाय बघ. पेरलेलं ठेवीनात." मामीच्या बोलण्यात तक्रार होती, मला मात्र त्यात फोटो दिसला. सकाळी साडेसहाला कॅमेऱ्याला ४०० एमएमची लेन्स लावून मी बांधावर हजर!

आमच्याकडे सगळे ज्याला हरीण म्हणतात ते खरं म्हणजे काळवीट. नर काळा-पांढरा, पिळदार शिंगांचा. माद्या आणि पिल्लं बदामी रंगाची. पंधरा-सतरा जणांचा कळप होता. सोयाबीन नुकतंच तीन-चार पानांवर आलेलं, आणि मंडळींचा नाश्ता निवांत चालू होता. मधला नर मान वर करून थेट माझ्याकडे बघत उभा राहिला. मागून तिरपं ऊन. मी धडाधड चाळीसेक फोटो मारले.

रात्री पुण्यात मॉनिटरवर बघितलं तर काळवीट झकास आला होता, पण बाकी सगळा पसारा. मागे विजेचा खांब. बांधावर मोटारीची पत्र्याची पेटी. एका बोरीला अडकलेली पिवळी प्लॅस्टिकची पिशवी. आणि पायाखाली कुरतडलेल्या सोयाबीनच्या ओळीच्या ओळी. आपल्या डोक्यात वन्यजीव फोटो म्हटलं की जे चित्र असतं ना, धुकं, गवत, एकाकी प्राणी वगैरे, त्यातलं काहीच नाही.

मग मी माझं हत्यार काढलं. लातूरच्या एका जुन्या वाड्याच्या पडक्या भिंतीचा फोटो माझ्याकडे होता. पोपडे, ओल, भेगा, सगळं त्यात. तो काळविटाच्या फोटोवर वरचा लेयर म्हणून ठेवला, मोड 'मल्टिप्लाय', जोर साठ टक्के, आणि काळविटाच्या अंगावरून तेवढा मास्कनं काढून टाकला. खांब पुसला नाही हं मी, फक्त त्याच्यावर भिंत चढवली! :-) बघता बघता शेत गायब. शंभर वर्षं जुन्या कागदावर कुणीतरी काळवीट रंगवल्यासारखं चित्र तयार झालं. ऑफिसातल्या फोटोग्राफी क्लबचं प्रदर्शन होतं, तिथे दिलं. शीर्षक 'मराठवाड्याचं वैभव'. पहिलं बक्षीस. प्रिंट पॅन्ट्रीच्या भिंतीवर.

मंगळवारी मामांचा फोन. "बापू, त्या दिवशीचे हरणांचे फोटो पाठव की. नुकसानीच्या अर्जाला लावायचेत." मी मीटिंगमध्ये होतो. फोनमध्ये तो एकच फोटो तयार होता, आणि खरं सांगायचं तर मला तो दाखवायचाही होता. पाठवून दिला. मामांनी गावातल्या सेंटरवर त्याची रंगीत प्रिंट काढून अर्जाला लावली. पंचनाम्याला माणसं आली. त्यातल्या एकानं प्रिंट बघून विचारलं, "हे कोणत्या कॅलेंडरवरून काढलं?"

मामा माझ्यावर रागावले नाहीत. रात्री फोनवर एवढंच म्हणाले, "फोटो चांगला आहे रे. पण सोयाबीन कुठं गेलं?"

त्याच रात्री मी मूळ फोटो पाठवले. ते लावून काम पुढे सरकलं, यथावकाश काहीतरी भरपाईही आली. किती ते मामांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पण तो प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. सोयाबीन कुठं गेलं?

आता तुम्ही म्हणाल, सरळ आहे, फोटोवर पोत चढवणं म्हणजेच लबाडी. आमच्या टीममधल्या एका मित्राचं हेच म्हणणं आहे. "फोटो म्हणजे फोटो. लेयर आला की खोटं आलं." मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट सांगतो.

कॅमेऱ्यातून 'जसंच्या तसं' काही बाहेर येतच नाही. सेन्सरवरचा प्रत्येक पिक्सेल लाल, हिरवा, निळा यांपैकी एकच रंग मोजतो. उरलेले दोन शेजारच्या पिक्सेलवरून अंदाजानं भरले जातात. म्हणजे फोटोतल्या रंगांच्या आकड्यांपैकी दोन तृतीयांश हे सॉफ्टवेअरनं केलेलं गणित असतं. वर कॅमेरा स्वतःच कॉन्ट्रास्ट वाढवतो, कडा तीक्ष्ण करतो, नॉइज घासून काढतो. तेव्हा 'सॉफ्टवेअरचा हात लागला' हा निकष लावायचा तर एकही फोटो उरणार नाही.

आणि पोत चढवण्याची हौस काही कॉम्प्युटरनं आणलेली नाही. ओलिओग्राफ आठवा. राजा रविवर्म्यानं १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची चित्रं घरोघरी गेली. ओलिओग्राफ या प्रकाराची गंमतच अशी की छापील कागदाला वार्निश लावून, कधी त्यावर कॅनव्हासच्या विणीसारखा उठाव देऊन तो तैलचित्रासारखा दिसेल असं करायचं. म्हणजे चक्क टेक्श्चर ओव्हरले! कुणी फसलं का? नाही. देवघरातली लक्ष्मी हे छापील चित्र आहे हे आमच्या आजीलाही माहीत होतं. जिथे बघणाऱ्याला माहीत असतं की हे काय आहे, तिथे पोत म्हणजे सजावट. लबाडी सुरू होते ती दावा आणि वस्तू यांत फट पडली की.

याची मोठी उदाहरणं बघा. लंडनचं नॅचरल हिस्टरी म्युझियम वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर ही स्पर्धा भरवतं. तिचे नियम कडक आहेत, फोटोत काही घालायचं नाही, काढायचं नाही. २००९ चं पहिलं बक्षीस कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळालं होतं, ते जानेवारी २०१० मध्ये काढून घेतलं. कारण? तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता, असं परीक्षकांचं मत झालं. २०१७ मध्ये ब्राझीलच्या एका रात्रीच्या फोटोला त्यातल्या एका गटाचं बक्षीस मिळालं. वाळवीच्या चमकत्या वारुळाशी आलेला मुंगीखाऊ. २०१८ मध्ये तेही रद्द झालं, कारण तो मुंगीखाऊ पेंढा भरलेला असावा असा निष्कर्ष निघाला. दोन्ही वेळा आक्षेप लेयरवर नव्हता. आक्षेप होता तो 'रानात राहणारा प्राणी मला असा भेटला' या दाव्यावर.

माझं काय चुकलं ते मला इथे कळलं. माझा काळवीट खरा होता, सकाळ खरी होती, भिंतसुद्धा खरी होती. खोटी होती ती जागा. मी काळवीट ठेवला आणि शेत काढून टाकलं. आणि शीर्षक काय, तर मराठवाड्याचं वैभव!

हा मुद्दा आपल्या भागात जास्त महत्त्वाचा आहे. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे सागाचं जंगल तरी आहे, पैनगंगा अभयारण्य आहे. लातूर जिल्ह्यात जंगल क्षेत्रफळाच्या एक टक्काही भरत नाही. मग लातूरचे काळवीट राहतात कुठे? शेतात, पडीक माळावर, गायरानात. त्यांचं रान म्हणजे मामांचं सोयाबीन, शेजाऱ्याची तूर आणि पलीकडची ज्वारी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षण वाघाइतकंच. ते असायलाच हवं. पण त्या संरक्षणाचा रोजचा खर्च कुणाच्या खिशातून जातो? तर ज्याला हरणं हाकलण्यापलीकडे काही करता येत नाही, त्याच्या. आपण पुण्या-मुंबईत बसून त्या फोटोवर धुकट पोत चढवतो तेव्हा तो खर्च फोटोतून पुसला जातो. बघणाऱ्याला वाटतं, किती सुंदर, जंगलात सगळं आलबेल आहे. जंगलच नाहीये बाबा तिथे!

वाघांचंही तेच. २०१९ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला कॉलर लावलेला एक तरुण वाघ सुमारे १३०० किलोमीटर चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. वाटेत शेतं, कालवे, रस्ते, गावं. तिकडचाच आणखी एक वाघ डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शेजारी, धाराशिवच्या येडशी रामलिंग घाट अभयारण्यात कॅमेरा ट्रॅपमध्ये दिसला. तो टिपेश्वरकडचा हे कळलं अंगावरच्या पट्ट्यांवरून. वाघाचे पट्टे आपल्या बोटांच्या ठशांसारखे, दोघांचे सारखे नसतात. कॅमेरा ट्रॅपचे फोटो कसे असतात तुम्ही पाहिले असतील. फ्लॅशनं पांढरे पडलेले, कोपऱ्यात तारीख-वेळ, अर्धा वाघ फ्रेमच्या बाहेर. प्रदर्शनात कुणी लावणार नाही. पण वाघ कुठून आला हे त्या ओबडधोबड फोटोनं सांगितलं. त्यावर कुणी 'व्हिंटेज पेपर' चढवून पट्टे धूसर केले असते तर?

मग पोत वापरायचाच नाही का? तसं नाही. मी अजूनही वापरतो. फक्त पद्धत बदलली. ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी सांगतो. महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, गिंप फुकट आहे, त्यात हे सगळं होतं.

पहिली गोष्ट, मल्टिप्लाय सोडा. मल्टिप्लाय म्हणजे शब्दशः गुणाकार. पिक्सेलची किंमत शून्य ते एक धरली तर ०.८ गुणिले ०.९ म्हणजे ०.७२. दोन्हीपेक्षा गडदच येणार. म्हणून भिंत चढवली की सावल्यांमधलं सगळं बुडतं, माझं सोयाबीन तसंच बुडालं. त्याऐवजी 'ओव्हरले' किंवा 'सॉफ्ट लाइट' घ्या. या दोन्हींत मधला करडा रंग, म्हणजे बरोबर ०.५, खालच्या फोटोला हातच लावत नाही. त्याहून फिकट असेल तिथे उजळतं, गडद असेल तिथे दबतं. तेव्हा पोताचा फोटो आधी कृष्णधवल करायचा (नाहीतर भिंतीचा पिवळेपणा काळविटाच्या पोटाला लागतो), त्याचा कॉन्ट्रास्ट कमी करून तो मधल्या करड्याच्या जवळ आणायचा, आणि मग दहा ते वीस टक्के जोरावर ठेवायचा. लेयरचा डोळा बंद-चालू करून बघा. चालू असताना पोत आहे हे कळू नये, आणि बंद केल्यावर काहीतरी गेलं असं वाटावं. भाजीतल्या हिंगासारखं. हिंगाची भाजी करायची नसते.

दुसरी, जनावराच्या अंगावर पोत नको. मऊ ब्रशनं मास्क करा. केस, पिसं, पट्टे, शिंगांचे पीळ हा त्याचा स्वतःचा पोत आहे आणि तो आपल्या भिंतीपेक्षा कितीतरी चांगला आहे. पोत शोभतो तो रिकाम्या जागी. विष्णुपुरीच्या धरणावर हिवाळ्यात बदकं टिपली की वर अर्धी फ्रेम नुसतं सपाट राखाडी आभाळ असतं. तिथे बारीक पोत दिला की आभाळाला वजन येतं, प्रिंटवर ते छापील ठोकळ्यासारखं दिसत नाही. हा खरा उपयोग.

तिसरी गोष्ट मी मामांकडून शिकलो. पाय कुठे टेकलेत ते दिसलं पाहिजे. पोत चढवल्यावर प्राणी कशावर उभा आहे हे सांगता येत नसेल, तर लेयर मागे घ्या. खांब आवडत नसेल तर दोन पावलं बाजूला सरकून फोटो काढा, पण भिंतीआड लपवू नका. आणि खांब हा त्या काळविटाच्या रोजच्या जगण्याचा भाग असेल तर राहू द्या की. त्याला चालतो, आपल्यालाच का खुपतो?

चौथी, मूळ फाइल जपा आणि विचारल्याशिवाय सांगा. माझ्या सजवलेल्या फोटोतून तारीख-वेळेची माहितीसुद्धा एक्स्पोर्ट करताना उडाली होती. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ती तशीही उडते. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर फाइल जशीच्या तशी जाते. हे मला, इतकी वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून, मामांच्या अर्जाच्या वेळी आठवलं नाही. आता प्रिंटच्या खाली एक ओळ लिहितो. कुठे काढला, कधी काढला, आणि 'वर पोताचा थर दिला आहे'. त्या ओळीनं फोटो कमी सुंदर झाला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

एक आक्षेप मला मान्य आहे. बघणारे ही ओळ वाचत नाहीत. फोटो फिरत फिरत जातो, ओळ मागे राहते. खरं आहे. म्हणूनच तिसरा मुद्दा चौथ्यापेक्षा महत्त्वाचा. ओळ गळून पडेल, पण फोटोतली तूर गळून पडत नाही.

पॅन्ट्रीतली प्रिंट मी काढून आणली. एचआरमधल्या बाईंना कारण सांगायला गेलो तर त्यांना वाटलं, फ्रेमचे पैसे हवे आहेत. असो.

या जानेवारीत पुन्हा मामांकडे गेलो. तूर काढणीला आलेली. काळविटांचा कळप तुरीच्या कडेला, मागे तोच खांब. फोटो काढले. परत येताना खळ्याजवळ एक जुनं, विरलेलं बारदान तारेवर वाळत घातलं होतं. तागाची उभी-आडवी वीण, मध्ये मध्ये दोरे सुटलेले, कडेला सकाळचं ऊन. मी जवळ जाऊन त्याचे चार-पाच फोटो घेतले. मामा बघत उभे.

"पोत्याचा फोटो कशाला काढायलास?"

"पोत पाहिजे, मामा."

"मग घेऊन जा की सगळं पोतं. फोटो कशाला काढतोस?"

आता यावर काय बोलणार? :-)

तर त्या बारदानाचा थर, सॉफ्ट लाइट, बारा टक्के, फक्त आभाळावर. खाली तूर, खांब, बांध, सगळं जागच्या जागी. प्रिंट कुरियरनं मामांना पाठवली. ती हातात घेऊन मामा फोनवर म्हणाले, "हां, हे आपल्या शिवारातलं." मामीनं मागून विचारलं की खांब एवढा वाकडा कसा आलाय. खांब वाकडाच आहे. दोन वर्षांपासून तसाच आहे. आता त्याचाही अर्ज करायचाय म्हणे, आणि फोटो मूळचाच पाठवायचाय.